सीबीसी तर सगळेच करतात, वाचायला शिकवतं कोण? रक्तविकारांच्या तरुण डॉक्टरांना मेंटॉर का हवेत

"हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या सुरू करा." दिव्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण हिमोग्लोबिन कमी असण्यामागे थॅलेसेमिया मायनर असेल, तर या गोळ्यांनी ते वाढत नाही. आणि नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. देशात दरवर्षी अशी अंदाजे १० ते १५ हजार मुलं जन्माला येतात.

सरकारी रुग्णालयात हा फरक ओळखण्याची पहिली संधी बऱ्याचदा एखाद्या तरुण निवासी डॉक्टरला मिळते. त्यामुळे त्याला कोण शिकवतं, हा प्रश्न पेशंटचाही आहे.

रिपोर्ट मशीन देतं, मग अडतं कुठे?

मशीन आकडे देतं, अर्थ डॉक्टरला लावावा लागतो. लोहाची कमतरता असो की थॅलेसेमिया मायनर, दोन्हीत लाल पेशी लहान दिसतात, म्हणजे एमसीव्ही कमी येतो. यासाठी एक सोपं गणित आहे. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागायचं. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. उदाहरणार्थ एमसीव्ही ६५ आणि लाल पेशी ५.८ असतील, तर उत्तर ११.२ येतं.

पण हा फक्त संशय झाला. खात्रीसाठी हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी लागते. ते साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर व्यक्ती वाहक मानली जाते. खरी अडचण सीमेवरच्या आकड्यांची आहे. त्याच बाईला लोहाची कमतरताही असेल, तर ए-टू कमी दिसू शकतं. ३.३ आलं तर सोडून द्यायचं, पुन्हा तपासायचं, की लगेच नवऱ्याचं रक्त तपासायचं? बाई गरोदर असेल तर थांबायला वेळही नसतो. वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन बाळाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते. "तीन महिने गोळ्या घेऊन बघू" म्हटलं, की ती वेळ निघून जाते.

असा निर्णय हजारो रिपोर्ट आणि स्लाइड पाहिलेल्या सीनियरच्या शेजारी बसून शिकावा लागतो.

गाइड असतोच की, मग मेंटॉर कशाला?

रक्तविकारतज्ज्ञ होण्याची सरकारी वाट लांबलचक आहे. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन आणि डीएमची आणखी तीन, अशी एकूण साडेअकरा. डीएमचं शिक्षण केईएम, वेल्लोरचं सीएमसी, दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय अशा मोजक्या संस्थांत मिळतं.

प्रबंधावर सही करणारा गाइड प्रत्येकाला मिळतो. मेंटॉरचं काम वेगळं. रात्री अडलं तर फोन कोणाला करायचा, "तुमचं मूल आयुष्यभर रक्तावर राहील" हे आईबापांना कसं सांगायचं, पुढे संशोधन करायचं की प्रॅक्टिस, याची उत्तरं अभ्यासक्रमात नसतात.

मुंबईचा अनुभव काय सांगतो?

१९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये 'बॉम्बे ब्लड ग्रुप'चा शोध प्रसिद्ध झाला. डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासोबत त्या निबंधात एच. एम. भाटिया यांचंही नाव होतं. पुढे हेच भाटिया आयसीएमआरच्या मुंबईतल्या रक्तविज्ञान संस्थेचे संचालक झाले. १९५७ साली ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झालेली ही संस्था आज एनआयआयएच या नावाने केईएमच्या आवारात आहे.

१९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. ते हे तंत्र सिएटलला शिकून आले होते. तिथेच ते विकसित करणारे ई. डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

दिव्याचा याच्याशी संबंध काय?

केईएम, टाटा, एनआयआयएच, सगळं परळला. दिव्याहून धीम्या लोकलने साधारण तासभर, तेही डब्यात शिरता आलं तर! दिवा-सीएसएमटी लोकलची मागणी इथे उगाच होत नाही. त्यामुळे पेशंट आधी जवळचं गाठतो. दोन स्टेशनांवर कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय, डोंबिवलीत शास्त्रीनगर, कल्याणला रुक्मिणीबाई. कल्याणच्या पुढे उल्हासनगर आहे, आणि तिथल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे. आजार मात्र एका समाजापुरता नाही.

एमडीच्या विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. डॉक्टर जिल्ह्यात पोहोचतो, त्याचा सीनियर मात्र मेडिकल कॉलेजातच राहतो.

मग करता काय येईल?

नमुने तयार आहेत. अमेरिकेत २००३ साली डॉ. संजीव अरोरा यांनी 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. त्यात लहान गावांतले डॉक्टर व्हिडिओ कॉलवर आपल्या केस मांडतात आणि तज्ज्ञांसोबत चर्चा करतात. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्येही अशा ऑनलाइन चर्चा होतात. ई-संजीवनीवर एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेऊ शकतो.

म्हणजे तंत्रज्ञान आहे, कमी आहे ती सीनियरच्या वेळेची. ओपीडी भरलेली असते, आणि प्राध्यापकाच्या बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. ज्युनिअरसोबत स्लाइड पाहण्यात घालवलेले तास कोणी मोजत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या रुग्णालयांसाठी परळहून आठवड्याला एक ठरलेला तास मिळाला आणि तो ड्युटीत धरला गेला, तरी सुरुवात होईल. नाहीतर मेंटॉर मिळणं हे एखाद्या सरांच्या मोठ्या मनावरच अवलंबून राहील.

तोवर तुम्ही एक करू शकता. लग्नाआधी, किंवा निदान दिवस राहिल्याचं कळताच, "थॅलेसेमियाची टेस्ट करायची का?" असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा.