विश्लेषण : तपासणी कडक केली आणि सुरक्षाच सैल झाली!

संकेतस्थळ खरे की बनावट, हे डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरते. सर्व्हरही एकमेकांची ओळख अशीच पटवतात. जगभरातील असंख्य सर्व्हरवर ही पडताळणी ‘ओपनएसएसएल’ हे मुक्त सॉफ्टवेअर करते. मार्च २०२१ मध्ये त्यातच गंभीर त्रुटी उघड झाली.

नेमके काय बिघडले?
रेशनकार्ड असलेली व्यक्ती इतरांना रेशनकार्ड देऊ शकत नाही. प्रमाणपत्रांचेही तसेच, ती देण्याचा अधिकार मोजक्याच संस्थांना असतो. ओपनएसएसएलमध्ये जादा कडक तपासणीचा ‘स्ट्रिक्ट’ पर्याय आहे. सप्टेंबर २०२० मधील १.१.१एच आवृत्तीत त्यात एका नव्या चाचणीची भर पडली. मात्र तिच्या निकालामुळे, हा अधिकार तपासणाऱ्या आधीच्या चाचणीचा निकाल पुसला जाऊ लागला. त्यामुळे साध्या प्रमाणपत्राच्या आधारे दिलेले बनावट प्रमाणपत्रही खरे ठरू शकत होते.

धोका कोणाला होता?
सर्वांना नाही. ‘स्ट्रिक्ट’ पर्याय सुरू असलेल्या आणि प्रमाणपत्राचा उद्देश तपासणारी चाचणी बंद असलेल्या यंत्रणांनाच. म्हणजे ज्यांनी जादा काळजी घेतली, त्यांच्यापैकीच काही जण उघडे पडले.

धडा काय?
२५ मार्च २०२१ रोजी १.१.१के आवृत्तीत दुरुस्ती आली. पण सर्व्हरवर ती बसवली जाते की नाही, हे मोबाइलधारकाला दिसत नाही. ती जबाबदारी सर्व्हर चालवणाऱ्यांचीच. खरे प्रमाणपत्र स्वीकारले गेले, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. प्रत्येक बदलानंतर खोटे नाकारले जाते का, हेही पाहायलाच हवे.