तीस दिवसांत वीस वर्षे
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये भंडारा नगरपरिषदेसारख्या संस्थेला विकास योजना, म्हणजे रस्ते, शाळा, बाजार व मोकळ्या जागांसाठी पुढील सुमारे वीस वर्षांच्या जमीनवापराचा आराखडा, तयार करावी लागते. तिचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी नागरिकांना तीस दिवस मिळतात, आणि त्यांची सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत नगरपरिषदेच्या सदस्यांबरोबर नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार बसतात. ही मुदत तुटपुंजी आहे. योजनेचा इरादा जाहीर होतानाही सूचना मागवल्या जातात हे खरे, पण तेव्हा लोकांसमोर प्रस्तावित जमीनवापराचा नकाशा नसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा नदीचे पाणी भंडाऱ्यात शिरले, तेव्हा ते कोणत्या गल्लीत कुठवर चढले हे तेथील रहिवाशांइतके नेमके कोणालाच ठाऊक नाही, आणि पूररेषेलगत बांधकामाला मुभा द्यावी की नाही हे ठरवताना ती माहिती अमूल्य असते. अशी स्थानिक माहिती पुढे आणू शकणाऱ्या प्रभाग समित्या, म्हणजे एक वा अधिक प्रभागांचा कारभार पाहणाऱ्या समित्या, ७४ व्या घटनादुरुस्तीने केवळ तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेत एक लाखाच्याही आत असलेल्या भंडाऱ्याला ती हमी लाभत नाही. म्हणूनच नगरपरिषदेने स्वतः ठराव करून प्रारूपापूर्वी प्रभागवार बैठका घ्याव्यात आणि योजनेत सार्वजनिक कामांसाठी आरक्षित केलेली कोणती जागा ताब्यात आली, कोणती राहिली, याचा हिशेब दरवर्षी नागरिकांपुढे मांडावा.