साथीची वर्दी आणि संगणकाचा पडदा

पावसाळ्याचा पहिला लोंढा पांझरेला आला, की पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात नाल्यांचे, झिऱ्यांचे आणि उघड्या विहिरींचे पाणी गढूळ होते आणि त्यापाठोपाठ जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसू लागतात. साक्री तालुक्याला हा क्रम नवा नाही. एखाद्या पाड्यावर एकाच आठवड्यात आठ-दहा माणसे अंथरुणाला खिळली, तर ती बातमी आठवडे बाजाराच्या दिवशी पिंपळनेरला पोचतेच. प्रश्न एवढाच, की ती बाजारात आधी पोचते की आरोग्यखात्याच्या दप्तरात? या दोहोंमधील अंतर जितक्या दिवसांचे, तितक्या दिवसांची मुभा साथीला मिळते.

हे अंतर मिटविण्यासाठी केंद्र सरकारने 5 एप्रिल 2021 रोजी एकात्मिक आरोग्य माहिती मंच ही संगणकीय व्यवस्था देशभर सुरू केली. तत्पूर्वी नोव्हेंबर 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प चालू होता आणि त्याच्या पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला होता. आरोग्यसेविकेने लक्षणांवरून ‘एस’ नमुना भरावा, डॉक्टरने निदानावरून ‘पी’ नमुना आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून ‘एल’ नमुना, अशी त्याची तिपेडी रचना. ही माहिती आठवड्यातून एकदा वर जाई. आता ती रोजच्या रोज आणि गावनिहाय जावी अशी योजना आहे. नजरेखालील रोगांची संख्याही 18 वरून 33 झाली आहे. योजना म्हणून तिच्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. परंतु यंत्र वेगवान झाले म्हणजे वर्दी वेगवान झाली, असे मानणे हा भाबडेपणा ठरेल.

साथीची माहिती दडते ती कागद मंद असतो म्हणून नव्हे. ती देणे कोणाच्या तरी हिताआड येते म्हणून. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढल्याच वर्षी साथरोग कायदा आला. घरे तपासणे, माणसे बळाने हलविणे, सामान जाळणे असे त्याच्या अंमलबजावणीचे स्वरूप होते. परिणामी लोकांनी रुग्ण लपविले. रोग सांगण्याची किंमत रोगापेक्षा जबर झाली, की समाज मुका होतो, हा त्या काळाचा धडा आहे.

माहिती उशिरा व अर्धवट मिळाली म्हणजे काय होते, हे खानदेशने 1994 मध्ये पाहिले. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले आणि सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची हाकाटी झाली. पोटासाठी सुरत-उधन्याला गेलेली खानदेशी कुटुंबे तापीकाठच्या रेल्वेने मिळेल त्या डब्यातून गावाकडे परतली. रोगाने घेतलेले बळी काही डझनच होते. परंतु विमाने थांबली, निर्यात अडली, व्यापार बसला. साथीपेक्षा अफवेने अधिक नुकसान केले; आणि अफवा तेथेच माजते, जेथे अधिकृत आकडा वेळेवर येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत साथीची खबर ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना होतो, भार मात्र एकट्या खबर देणाऱ्यावर पडतो. पिंपळनेरसारख्या बाजारगावात खाजगी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरने डेंग्यूचा रुग्ण नोंदविला, तर त्याचा वेळ जातो, चौकशीचा ससेमिरा मागे लागतो आणि रुग्णाचे घरवाले नाराज होतात, ते वेगळेच. ग्रामपंचायतीने पाणी दूषित असल्याचे कबूल केले, तर टीसीएल पावडर वेळेवर का टाकली नाही, असा जाब तिलाच द्यावा लागतो. ज्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात रुग्ण अधिक, तो नालायक, असा हिशेब वरिष्ठ करू लागले, तर पडद्यावर शून्य उमटणारच. हे शून्य रोग नसल्याचे की नोंद नसल्याचे, हे कोणताही संगणक सांगू शकत नाही.

हा भार हलका केला तर माणसे बोलतात, याचीही उदाहरणे आहेत. क्षयरोगाची नोंद 7 मे 2012 पासून सक्तीची झाली. परंतु खाजगी क्षेत्रातून येणाऱ्या नोंदींना खरा जोर चढला तो नोंदविणाऱ्या डॉक्टरला मोबदला आणि रुग्णाला पोषणासाठी थेट बँकेत रक्कम मिळू लागल्यावर. एप्रिल 2018 मध्ये दरमहा 500 रुपये असलेली ही रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली. साक्रीला लागून असलेल्या नवापुरात फेब्रुवारी 2006 मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मारलेल्या कोंबड्यांपोटी भरपाई द्यावी लागली. ती दानधर्म नव्हती. पुढल्या वेळी कुक्कुटपालकाने मेलेली कोंबडी गुपचूप पुरू नये, यासाठी भरलेला तो विम्याचा हप्ता होता.

उलट दाखलाही विसरण्याजोगा नाही. 2003 च्या सार्सनंतर चीनने रुग्णालयांतून थेट राजधानीला वर्दी देणारी संगणकीय यंत्रणा मोठ्या खर्चाने उभारली. तरीही वूहानमध्ये नव्या न्यूमोनियाविषयी सहकाऱ्यांना सावध करणाऱ्या तरुण डॉक्टर ली वेनलियांग यांना जानेवारी 2020 मध्ये पोलिसांनी ताकीद दिली. तारा जोडलेल्या होत्या. बोलणाऱ्याला अभय नव्हते. पुढे जगाने काय भोगले, हे सांगावयास नको.

पिंपळनेर परिसराची आणखी एक अडचण आहे. दिवाळी सरली, की येथील मजूर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. तेथे ताप येऊन येथे निदान झालेल्या मजुराची नोंद कोणत्या गावाच्या नावे व्हावयाची? डासाला आणि जंतूला राज्याची सीमा ठाऊक नसते. जिल्ह्याच्या नकाशाला मात्र तीच तेवढी ठाऊक असते. संगणकीय व्यवस्थेचा खरा उपयोग येथेच आहे. धुळ्याची आणि पलीकडील जिल्ह्यांची माहिती एकमेकांसमोर त्याच दिवशी उघडली पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. पहिली, नोंद करणाऱ्या हातांचा मोबदला. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यातील आशा सेविका मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. दिल्लीतील पडद्याचे मूळ अशाच तुटपुंज्या मानधनावरील स्त्रियांच्या पायपिटीत आहे, याची जाण शासनाने ठेवावी. डोंगरात रेंज नसताना मोबाइलवर माहिती भरण्याचा आग्रह धरावयाचा, तर वहीतील नोंदही तितकीच ग्राह्य धरावी. दुसरी, रुग्णाच्या नावाची गुप्तता. गावाला आकडा कळावा, नाव कळू नये. अन्यथा 1897 चे लपविणे पुन्हा सुरू होईल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, माहितीचा परतीचा प्रवास. आज माहिती पाड्याकडून दिल्लीला चढते, परंतु पाड्याला काय परत मिळते? ज्या आठवड्यात अतिसाराची नोंद झाली, त्याच आठवड्यात पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला आणि विहिरीत पावडर पडली, तर वर्दी देण्याचे फळ लोकांना डोळ्यांनी दिसेल.

पूर्वी गावचा कोतवाल मरतुकीची वर्दी घेऊन तालुक्याला पायी जात असे. त्याची जागा आता संगणकाने घेतली आहे. पण वर्दी देणाऱ्याला तालुक्याने काय वागणूक दिली, यावरच पुढली वर्दी येते की नाही हे ठरत असे, आणि आजही ठरते. पांझरेला पूर येण्याची वेळ ठरलेली आहे. त्याआधी शासनाने यंत्राबरोबर विश्वासाचीही तरतूद करावी, हेच शहाणपणाचे.