रंकाळ्यावर जाणं का बंद केलंत?

तपासणीला येता तेव्हा साखर, रक्तदाब, वजन, गोळ्या एवढं विचारून होतं आणि बहुतेक वेळा आपलं बोलणं तिथेच संपतं. माझं मत असं आहे की त्यात आणखी एक प्रश्न असायलाच हवा. गेल्या वर्षभरात तुमच्या आवडीची कोणती गोष्ट सुटली?

संध्याकाळची रंकाळ्यावरची चक्कर सुटली असेल. मंगळवारचं भजन, दुपारचं शब्दकोडं, कुंड्यांतली मिरचीची रोपं, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गप्पा, काहीही. आणि कोल्हापुरात असाल तर फुटबॉल! पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा सामना म्हटला की ज्यांनी उभ्या आयुष्यात घरी बूड टेकवलं नाही, असे काका यंदा 'कशाला जायचं त्या गर्दीत' म्हणून खुर्चीत बसून राहतात. घरचे म्हणतात, वय झालं. काकाही म्हणतात, वय झालं. मला हे उत्तर पटत नाही. आवडी बदलतात हे खरं, पण एक सुटली की तिच्या जागी सहसा दुसरी येते. जागा रिकामीच राहिली तर ते लक्षण समजा, खोकला किंवा ताप समजता तसंच.

आधी एक साधी पारख करा. माणसाला ती गोष्ट हवी आहे पण जमत नाही, की हवीशीच वाटत नाही? सामना घरी मोबाईलवर लावून द्या. काका पुढं सरकून बघू लागले, पंचाला दोन शिव्या दिल्या, तर मन जागेवर आहे आणि अडचण शरीरात कुठेतरी आहे. ती शोधावी लागते, कारण माणसं ती सांगत नाहीत. भजनाला न जाणाऱ्या आजींना भक्तीचा कंटाळा आलेला नसतो. कमी ऐकू येत असतं, टाळ-मृदंगाच्या आवाजात शेजारणीचं बोलणं कळत नाही, आणि दोनदा भलतंच उत्तर देऊन हसं झाल्यावर त्या घरी बसतात. शब्दकोडं सुटतं ते मोतीबिंदूमुळे. संध्याकाळचं बाहेर पडणं बंद होतं, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात.

आणि सगळ्यांत लपवलं जाणारं कारण म्हणजे लघवी. पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, बायकांत खोकताना-हसताना होणारी गळती. अशा मावशी नाटकाला जात नाहीत, हळदीकुंकवाला जात नाहीत, लग्नाच्या बसमध्ये चढत नाहीत. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतात. वर्षानुवर्षं हे सहन करणाऱ्या बायका मी पाहतो. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून केले तर त्यातल्या बऱ्याच जणींना फरक पडतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि तिच्यामुळे बाहेर जाणं टळत असेल, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, वेळ बदलता येते.

आता दुसरा प्रकार. सामना लावला तरी काका भिंतीकडे बघत बसले. आवडीचं माशाचं कालवण केलं, दोन घास खाल्ले, 'बरं आहे' म्हणाले. रडणं नाही, तक्रार नाही. आपल्याकडे नैराश्य म्हणजे रडणारा माणूस अशी समजूत आहे. वयस्कर माणसांत ते अनेकदा अश्रूंशिवाय येतं आणि नुसता रस आटतो. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर दोन प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत एखादी गोष्ट करण्यात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं, हा त्यातला पहिला प्रश्न. उदास किंवा निराश वाटलं का, हा दुसरा. म्हणजे उदासीच्याही आधी आनंदाची विचारपूस आहे. उत्तर 'बरेच दिवस' असं आलं तर निदान झालं असं नाही, पण पुढची तपासणी नक्की करावी.

तपासणी मनाची आणि शरीराचीही. थायरॉईड मंदावणं, रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता, रात्रीच्या झोपेच्या गोळ्या, पार्किन्सनची किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात, या सगळ्यांत माणूस असाच निरुत्साही दिसू शकतो. म्हणून 'मन रमवा, बाहेर जात जा' एवढा सल्ला देऊन त्याला घरी पाठवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. आणि घरच्यांनी 'तुम्हाला काय कमी आहे?' असं विचारणं तर त्याहून वाईट.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. मेंदूत एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर बरं वाटणं या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. डोपामिनचं काम मुख्यतः पहिलीत. त्यामुळे जावंसं अजिबात वाटत नसलेल्या माणसालाही तिथं पोचल्यावर थोडं बरं वाटू शकतं. 'इच्छा झाली की जाईन' म्हणून थांबलात तर इच्छा होतच नाही. उपचारात आम्ही उलटा क्रम लावतो. आधी कृती, अगदी लहान, ठरलेल्या वेळी. पहिल्या आठवड्यात फक्त चप्पल घालून गल्लीच्या तोंडापर्यंत. रंकाळा नंतर. गरज असेल तर सोबत औषधंही द्यावी लागतात आणि त्यांना घाबरायचं कारण नाही. जगण्यात अर्थ नाही, आपण गेलेलं बरं, असं कुणी बोललं तर मात्र वाट पाहू नका. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 वर दिवसरात्र चालू असते, मराठीतही.

तिसरा प्रकार आम्ही डॉक्टर आणि तुम्ही घरचे मिळून घडवतो. मधुमेह निघाला की दुसऱ्या दिवसापासून आंबा बंद, चहा बंद, मिसळ बंद, लग्नाची पंगत बंद. माणसाची साखर आठशे मीटर अंतरावरून मोजणारे नातेवाईक मी बघितले आहेत! ज्या बंदीचं कारण सांगता येत नाही ती घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशोब करा. पिकलेल्या आंब्याच्या 100 ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं असतात, एका लहान पोळीत जवळपास तेवढीच. साखर आटोक्यात असेल तर एक पोळी कमी करून चार फोडी चावून खा, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. रसाच्या वाट्या रिचवणं वेगळं, तो हिशोबात बसत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे गणितच बदलतं, तेव्हा आधी विचारा. मिसळीचं दुखणं तेल आणि मीठ आहे. महिन्यातून एकदा, कट कमी घेऊन, बहुतेकांना चालेल. हृदय कमजोर असून पायांवर सूज येत असेल तर नाही.

सगळ्याच आनंदांना मी मोकळीक देत नाही. मिश्री आणि तंबाखूला अर्धी सूटही नाही. गंगावेशीत समोर धार काढून मिळणारं फेसाळ दूध हा आपल्या गावाचा अभिमान, मला त्याबद्दल वाईट बोलायचं जिवावर येतं. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. म्हणून दूध घरी न्या, उकळा, मग प्या. फेस जाईल.

आणि फुटबॉल. 'अ‍ॅटॅक येऊन गेलाय, आता स्टेडियमवर जाऊ का?' हा प्रश्न हंगामात हटकून येतो. धोका अगदीच नाही असं म्हणता येत नाही. 2006 च्या विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक वाढल्या होत्या, आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांत ही वाढ जास्त होती. तरीही मी सरसकट नाही म्हणत नाही. झटका येऊन काही आठवडेच झाले असतील, किंवा चालताना छातीत भरून येत असेल, तर यंदा मोबाईलवर बघा. बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून जावं. त्या दिवशीच्या गोळ्या चुकवू नका, सिगारेट नको, सोबत कुणीतरी असू द्या, पाण्याची बाटली आणि डोक्यावर टोपी घ्या. छातीत दाब आला, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबायचं नाही. पेनल्टी चालू असली तरी. शेजाऱ्याला सांगा आणि 108 ला फोन लावा.