व्हिसा येईपर्यंत

रत्नागिरीच्या कुठल्याही मोहल्ल्यात पंचविशीच्या मुलाला 'सध्या काय चाललंय?' असे विचारा. 'पेपर दिलेत' हे उत्तर हमखास मिळेल. पासपोर्टची प्रत, फोटो आणि कुणाच्या तरी बायोडाटावरून उतरवलेला बायोडाटा दुबईच्या मामूंकडे, कतारच्या चुलतभावाकडे नाहीतर मुंबईच्या एजंटकडे पोहोचला आहे, असा त्याचा अर्थ. त्यानंतर मुलगा थांबतो. घरचेही थांबतात. त्याला बेकार कुणी म्हणत नाही, कारण तो 'जाणार' असतो. असे जाणारे मी वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षे नाक्यावर बसलेले पाहिले आहेत.

या थांबण्याबद्दल मला लिहायचे आहे. आपल्या समाजात बेकारीवर बोलायचे म्हटले की शिक्षण, आरक्षण, सच्चर समिती एवढ्यावर चर्चा संपते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. पण शिकलेला, हातात आयटीआयचे प्रमाणपत्र किंवा बी.कॉम.ची पदवी असलेला मुलगा सोमवारी सकाळी दहा वाजता नेमके काय करतो, हे कुणी विचारत नाही. नोकरी शोधणे हे स्वतंत्र काम आहे, ते शिकावे आणि शिकवावे लागते, ही गोष्टच आपल्याकडे रुजलेली नाही.

त्याला कारण आहे. कोकणी मुसलमानाला नोकरी शोधावी लागलीच नव्हती. ती नात्यातून चालत यायची. आधी मुंबईची गोदी आणि बोटी, मग आफ्रिका (केपटाउनमध्ये आजही कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे), आणि 1973 नंतर तेलाचे भाव वाढल्यावर आखात. एक भाऊ गेला की तो दुसऱ्याला ओढायचा. कोकणातल्या कितीतरी गावांच्या मुंबईत खोल्या होत्या. नवा पोरगा संध्याकाळी तिथे वळकटी टाकायचा आणि रात्री जेवताना त्याला कळायचे, कुठल्या बोटीवर माणसे घेतायत, कुठल्या मुकादमाला भेटायचे, काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही. ते शिक्षणच होते, फक्त त्याला कुणी नाव दिले नव्हते.

खोल्या गेल्या. आखात राहिले, पण तेही पूर्वीचे नाही. सौदीने 2011 पासून निताकात राबवून कंपन्यांना स्वतःची माणसे घेणे भाग पाडले. साध्या कारकुनी आणि दुकानातल्या जागा आकसल्या. ज्या मामूंवर सगळे घर अवलंबून आहे, त्या मामूंच्याच नोकरीचा तिथे भरवसा राहिलेला नाही. धागा मजबूत आहे, पण एकच आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970 च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारला: ही नोकरी तुम्हाला कशी कळली? निम्म्याहून अधिक जणांना ती ओळखीतून कळली होती. त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. ती ओळख बहुतेकदा जवळची नव्हती. जुना सहकारी, कधीतरी भेटणारा परिचित, अशा सैल ओळखीतून खबर आली होती. कारण सोपे आहे. सख्खा भाऊ आणि जिवलग दोस्त यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. नवी खबर लांबून येते.

हे आपल्याला लावून पाहा. आपला मुलगा आपल्याच मोहल्ल्यातल्या, आपल्याच जमातीच्या, आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या माणसांना ओळखतो. ते सगळे एकाच दिशेला बघत असतात. जयगडचे बंदर आणि वीज प्रकल्प, रनपारचा पीव्हीसीचा कारखाना, लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत, मिरजोळे एमआयडीसीतली छोटी युनिट्स, माशांवर प्रक्रिया करणारे कारखाने, रुग्णालये, हॉटेले: यांपैकी एकाच्याही फाटकापर्यंत आपण कधी गेलो नाही, असे सांगणारे पदवीधर मला भेटले आहेत. 'तिथे आपलं कोण आहे?' हा त्यांचा प्रश्न. तिथे आपले कुणी नाही हीच तर जाण्याची गरज आहे.

(स्थानिकांना प्राधान्य, हे वाक्य आपण जैतापूरला ऐकले, नाणारला ऐकले, बारसूला ऐकले. मंचावरून बोलणाऱ्यांनी त्याऐवजी अर्ज नेमका कुणाकडे द्यायचा एवढे सांगितले असते तरी चालले असते.)

मग रोजगार मेळावे होतात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण मेळाव्यात घडते ते असे: मोठा मांडव, पाहुण्यांची भाषणे, टेबलांपुढे रांगा, बायोडाटांचे गठ्ठे, दुसऱ्या दिवशी फोटो. ज्याला आधीपासून बोलता येते तो निवडला जातो. ज्याला येत नाही तो 'कळवतो म्हणाले' असे सांगत घरी येतो आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत पुन्हा थांबतो. प्रेरणादायी व्याख्यानांची गत वेगळी नाही. टाळ्या पडतात, पण साहेबांना फोन कसा करायचा ते तासाभराच्या भाषणातून येत नाही. पोहणे काठावरून शिकवता येत नाही, हे खाडीकाठी राहणाऱ्यांना मी काय सांगणार?

यावर एक जुना, अगदी साधा प्रयोग आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात कार्बनडेल नावाच्या छोट्या गावात नेथन अ‍ॅझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने बेकारांचा क्लब काढला. 1975 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सारख्या परिस्थितीतल्या बेकारांचे त्याने दोन गट केले. एका गटाने आपापले शोधायचे. दुसऱ्याने रोज एकत्र जमायचे आणि नोकरी शोधणे हीच नोकरी समजून करायची. क्लबात फोन होता, टायपिंगची सोय होती, वर्तमानपत्रे होती. प्रत्येकाला एक जोडीदार दिलेला. एकाने फोन करायचा, दुसऱ्याने ऐकून चूक सांगायची. मुलाखतीची तालीम एकमेकांसमोर. एकाला कळलेली जागा दुसऱ्याला सांगायची. दोन महिन्यांत क्लबातल्या 90 टक्के लोकांना काम मिळाले, बाहेरच्या गटात 55 टक्क्यांना.

आकडे अमेरिकेचे, काळ जुना. रत्नागिरीत तसेच्या तसे होईल असा माझा दावा नाही. पण त्या क्लबात असे काय होते जे आपल्याकडे होऊ शकत नाही? एक खोली, एक फोन, काही मुले आणि कामात मुरलेला एखादा माणूस. मला तर त्यात मुंबईतली ती गावाची खोलीच दिसते.

जमातीच्या हॉलमध्ये निकाह नसला की दुपारपर्यंत कुलूप असते. तिथे आठवड्यातले चार दिवस दहा ते एक बसता येईल. आखातातून परतलेले, आयुष्यभर साइटवर माणसे निवडलेले फोरमन आणि स्टोअरकीपर चाचा प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. बायोडाटात आपण काय शोधायचो आणि कुठला फाडून टाकायचो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक आहे? बँकेतून निवृत्त झालेले जोशी किंवा सावंत गुरुजी बोलावले तर तेही येतील. त्यांना बोलावलेच पाहिजे, कारण सैल धागे तिथूनच सुरू होतात. रोज प्रत्येकाने पाच फोन, आठवड्यात दोन प्रत्यक्ष भेटी, आणि सगळे एका वहीत: कुणाला, कधी, काय उत्तर, पुन्हा केव्हा विचारायचे. सरकारी महास्वयम पोर्टलवर नोंदणी, शिकाऊ उमेदवारीचे अर्ज, 2024 मधल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेसारखे जे काही येते-जाते त्याची माहिती, हे सगळे तिथेच.

बायोडाटाबद्दल एकच सांगतो. आपला मुलगा घरी कोकणी बोलतो, शाळेत उर्दू शिकतो, बाजारात मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि कॉलेजात इंग्रजी वाचतो. पाच भाषा! आणि 'भाषा' या रकान्यात लिहितो काय, तर उर्दू, इंग्रजी. बंदी उठली की वडिलांच्या बोटीवर जाऊन डिझेल-बर्फाचा हिशेब ठेवणारा मुलगा 'अनुभव' या रकान्यात 'नाही' असे लिहितो. हे चुकीचे आहे, आणि हे त्याला समोर बसवून सांगावे लागते.

आता अवघड भाग. काही वाचक म्हणतील, फोन केला तरी नाव ऐकून ठेवून देतील. हे खोटे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुस्लिम नावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या जवळपास एक तृतीयांश निघाली. बायोडाटा कितीही चांगला केला तरी हे पुसले जात नाही, आणि ते पुसण्याची जबाबदारी पंचविशीच्या बेकार मुलावर टाकणेही अन्यायाचे आहे. तो कायद्याचा आणि राजकारणाचा लढा आहे. पण त्या अभ्यासातले अर्ज टपालाने गेले होते, मागे ओळखीचे माणूस नव्हते. नुसता कागद पाठवून थांबणे ही आपल्यासाठी सगळ्यात वाईट पद्धत आहे, असा अर्थ मी त्यातून काढतो. तीन दारे बंद मिळणार असतील तर दहा ठोठवावी लागतील. ती एकट्याने ठोठावताना माणूस खचतो, म्हणून सोबत हवी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जागाच कमी असतील तर शिकवून काय होणार? फ्रान्समध्ये ब्रुनो क्रेपों आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हेच दाखवले. मार्गदर्शन मिळालेल्या तरुणांना नोकऱ्या लवकर लागल्या, पण त्यातला बराच फायदा मार्गदर्शन न मिळालेल्यांच्या वाट्याचा होता. क्लबमुळे कारखाना उभा राहत नाही. म्हणून तो फक्त एका मोहल्ल्याचा, एका जमातीचा असू नये. मिरकरवाड्याचा खलाशी, भंडारी आणि कुणबी घरातली मुले, बौद्धवाडीतली मुले, सगळ्यांना दार उघडे हवे.

आखाताला जाऊ नका, असे मी म्हणत नाही. जायचेच असेल तर एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, हेही त्या खोलीतच शिकवता येईल. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखालच्या नियमांनुसार सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच आहे. लाख-दीड लाख मागणाऱ्याला 'पावती द्या' म्हणायचे धाडस एकट्या मुलाला होत नाही, दहाजण मागे असले की होते. आणि व्हिजिट व्हिसावर पाठवून 'तिथे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

राहिल्या मुली. आपल्या मुली आज शिकतात, बी.एड., डी.फार्म., नर्सिंग करतात. त्यांनी पेपरसुद्धा दिलेले नसतात. त्या कुणाच्याच हिशेबात बेकार नाहीत. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावातली गिरणी बंद पडल्यावर तिथल्या बेकारीचा अभ्यास झाला, त्याचे पुस्तक 1933 साली आले. पुरुषांकडे वेळच वेळ होता, ते रस्त्यावरून सावकाश चालत, जागोजागी थांबत. बायका मात्र लगबगीत होत्या. पगार गेला होता, घरकाम गेले नव्हते. आपल्या मोहल्ल्यात दुपारी फेरी मारली की मला ते गाव आठवते. हॉल दहा ते एक उघडला तर मुलींसाठी दिवस कुठले, त्यांना शिकवायला कोण, आणि कंपनीच्या फाटकापर्यंत त्यांच्यासोबत कोण जाणार, हे जमातीच्या बैठकीत पहिल्याच दिवशी ठरवायला हवे. ते ठरवताना दोन-तीन मुली त्या बैठकीत बसलेल्या असाव्यात.