रेझर उघडतं, म्हणून टिकतं

दाढीच्या रेझरवर एवढी मोठी पोस्ट कशाला, असं काही जण म्हणतील. गावात पाण्याची बोंब, रस्त्यांचे खड्डे, आणि हा बसलाय दाढी घोटत! पण थोडा धीर धरा. 'दुरुस्तीचा हक्क' हा शब्द गेली तीन-चार वर्षं दिल्लीतून ऐकू येतोय. तो नेमका काय आहे हे समजून घ्यायला रेझरइतकी सोपी वस्तू मला तरी दुसरी सापडलेली नाही.

आधी वस्तू सांगतो. वडिलांकडे असायचं ते दोन धारांच्या ब्लेडचं रेझर आठवतंय ना? वर टोपी, खाली पट्टी आणि मध्ये टोपाझचं नाहीतर पनामाचं ब्लेड. त्याचंच पुढचं रूप म्हणजे ॲडजस्टेबल रेझर. दांड्यावरची चकती किंवा तळाची मूठ फिरवली की ब्लेडची धार आणि सुरक्षा-पट्टी यांच्यातलं अंतर कमी-जास्त होतं. १ वर ठेवलं तर ब्लेड गालावरून हळूच जातं. आकडा वाढवत जाल तसं ते जास्त कापतं. रोज दाढी करणाऱ्याला खालचे आकडे पुरतात. आठवडाभर वाढलेली दाढी असेल तर वरचे. एकच रेझर बापालाही चालतं आणि नुकती मिसरूड फुटलेल्या पोरालाही. ब्लेड मात्र ज्याचं त्याने वेगळं लावायचं, हे सांगायला नकोच.

अमेरिकेत जिलेटने १९५८ ते १९६१ या काळात असं एक रेझर काढलं होतं. जाड दांड्यामुळे शौकीन लोक त्याला 'फॅटबॉय' म्हणतात. अंग पितळेचं, वर निकेलचा मुलामा, आकडे १ ते ९. डोक्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षर आणि आकडा कोरलेला असतो. 'एफ १' असेल तर ते १९६० च्या पहिल्या तिमाहीतलं. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं. आणि अशी रेझरं आजही रोज वापरात आहेत.

ती टिकली कशी? यात जादू काही नाही. पितळ लोखंडासारखं गंजत नाही. मुलामा उडाला तर परत चढवता येतो. चकती अडकली तर साबणाचा थर काढला की बहुतेक वेळा सुटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्लेडचा आकार आज सगळ्या कंपन्यांचा एकच आहे. किंग कॅम्प जिलेटला १९०४ मध्ये मिळालेलं पेटंट १९२१ मध्ये संपलं. आज जर्मनीच्या झोलिंगनमध्ये बनलेल्या रेझरमध्ये आपल्याकडचं ब्लेड बिनतक्रार बसतं. कार्ट्रिजचं तसं नाही. ज्याचं रेझर त्याचंच कार्ट्रिज. एकदा दांडा घेतला की त्याच दुकानाशी लग्न लागलं.

झोलिंगनच्याच मर्कुर कंपनीचं 'प्रोग्रेस' नावाचं ॲडजस्टेबल रेझर आहे. त्याची तळाची मूठ प्लास्टिकची. परदेशातले हौशी कारागीर ती काढून तिथे हाताने घडवलेली धातूची मूठ बसवतात. कोणी पितळेची, कोणी स्टीलची. मूठ धातूची झाली की वजन खाली येतं आणि हातातला तोल बदलतो. हे करता येतं, कारण रेझर उघडतं आणि मूठ वेगळी होते.

हे सगळं मला आपल्या गावातच पाहायला मिळालं. माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचं ॲडजस्टेबल रेझर आहे. त्याच्या तळाच्या मुठीला तडा गेला. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, "सुटा पार्ट येत नाही सर, नवीन घ्या." मी ते घेऊन स्टँडमागच्या लेथवाल्याकडे गेलो. साठीचा माणूस, चाळीस वर्षं टर्नर. त्याने व्हर्निअरने मापं घेतली, आटे गेजवर तपासले. आधी ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर नमुना काढून बसतो का ते पाहिलं आणि मगच पितळेच्या सळईला हात घातला. पकड यावी म्हणून वर नर्लिंग केलं. आकडे पंचने एकेक करून ठोकले. साडेतीनशे रुपये आणि दोन तास.

रेझरच्या डोक्यावरचा मुलामाही थोडा उडाला होता. तेही घासून चकचकीत कर म्हटलं, तर म्हणाला, "नको दादा. हे डोकं पितळ नाही, जस्ताचं ओतीव काम आहे. मुलाम्याखाली पाणी शिरलं की याला फोड येतात. पितळ असतं तर परत नवं केलं असतं." दुरुस्ती होणार की नाही हे कारखान्यात धातू निवडतानाच कसं ठरतं, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. डिप्लोमाच्या वर्गात मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

अशी रेझरं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. आपल्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे क्षार बसतात आणि चकती जड होते. आठवड्यातून एकदा ब्लेड काढायचं, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासायचं. चकती पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत फिरवायची. नंतर कोरडं पुसून आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. उकळत्या पाण्यात टाकू नका. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत ठेवू नका, आम्ल मुलामा खातं. चिंच आणि राख देवाच्या तांब्यासाठी ठीक, निकेलच्या पातळ थरासाठी नाही. आणि पक्कड लावून जोर तर मुळीच करू नका.

आता दिल्लीकडे येऊ. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. पुढे 'दुरुस्ती-निर्देशांका'साठी वेगळी समिती आली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती आणि हत्यारं मिळतात का, यावर वस्तूला गुण द्यायचे. कल्पना चांगली आहे, फ्रान्समध्ये २०२१ पासून असे गुण छापले जातात. पण आपल्याकडे सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून. मिक्सर, पंखा, कुकर, फवारणीचा पंप, म्हणजे आपल्या घरात आणि शेतात रोज बिघडणाऱ्या वस्तू या गुणांच्या यादीत कधी येणार?

आणखी एक गंमत. १ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. कानातल्या काड्या, स्ट्रॉ, चमचे, ताटल्या त्या यादीत आहेत. वापरून फेकायचं रेझर नाही. आठवडी बाजारातल्या भेळवाल्याचा प्लास्टिकचा चमचा बेकायदा, आणि आख्ख्या प्लास्टिकच्या दांड्यात पातं रोवलेलं रेझर कायदेशीर.

आता दुसरी बाजूही मांडतो. धातूचं चांगलं ॲडजस्टेबल रेझर हजारांच्या घरात जातं. रोजंदारीवरच्या माणसाला ते घे म्हणणं हा शहाणपणा नव्हे. २०१० मध्ये जिलेटनेच भारतात 'गार्ड' आणलं, तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना होतं. मगभर पाण्यात दाढी करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलं होतं, आणि लाखो लोकांची त्याने सोय केली. ज्याचा हात थरथरतो त्या म्हाताऱ्या माणसाला कार्ट्रिजच बरं. माझं भांडण स्वस्त वस्तूशी नाही. वस्तू महाग असो की स्वस्त, ती बिघडल्यावर 'नवीन घ्या' हे एकच उत्तर मिळतं, त्याच्याशी आहे.

कारण हक्क कागदावर मिळाला तरी तो बजावायला गावात हात लागतात. आपल्या स्टँडमागे माझ्या आठवणीत सहा लेथ होते, आज दोन आहेत. आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स दोन वर्षांचा असतो. पोरं तो पूर्ण करतात आणि पुण्याला कंपनीत कंत्राटावर लागतात, कारण गावात काम नाही. काम नाही, कारण वस्तू उघडतच नाहीत. उद्या निर्देशांक आला, सुटे भागही आले, पण जुन्या पंपाचा झिजलेला आटा कापून देणारा माणूस नसेल तर तो हक्क घेऊन जायचं कुठे?

म्हणून माझ्या साध्या तीन मागण्या. पहिली, दुरुस्तीचे गुण मोबाइलपुरते न ठेवता घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंना लावा. दुसरी, कंपनीने ज्या वस्तूचे भाग बनवणं बंद केलं, त्या भागांची मापं आणि आट्यांचे तपशील खुले करा, म्हणजे लेथवाला अंदाजावर राहणार नाही. तिसरी मागणी आपल्या आमदारांकडे आणि आयटीआयकडे आहे. महिन्यातून दोन दिवस आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लोकांच्या वस्तू दुरुस्तीला घ्या. पोरांना खरं काम शिकायला मिळेल आणि गावाचे पैसे वाचतील.

आणि एक काम सरकारशिवाय आजच होण्यासारखं. जुनी ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका. घंटागाडीवरच्या ताईंच्या हाताला ती लागतात. पूर्वी अमेरिकेत बाथरूमच्या कपाटात ब्लेड टाकायला फट असायची आणि ब्लेडं भिंतीच्या पोकळीत पडायची. आपल्याला तेवढंही करायला नको. एक पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, भरला की झाकण चिकटवून त्यावर 'ब्लेड' असं लिहून वेगळा द्या.

तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी एका छोट्या भागासाठी पडून आहे? कमेंटमध्ये वस्तू आणि तो भाग लिहा. यादी झाली की आयटीआयच्या प्राचार्यांकडे मी स्वतः घेऊन जातो.