संकेतस्थळाचा तपासनीस

अंबड तालुक्यांत आमच्या एकत्र कुटुंबाची मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पुढें फळें थेट गिऱ्हाइकांस विकावीं म्हणून पुतण्यानें वेबसाइट करविली. परंतु गूगलवर ती कोठेंच दिसेना. बंधु चिडले, "पोरखेळ पुरे, माल व्यापाऱ्यास घाला." इतक्यांत एका गृहस्थाचा फोन आला : "साइटचें ऑडिट करूं, महिन्याभरांत पहिला क्रमांक, हमी देतों." मागणी पंचवीस हजारांची, पैसा सर्वांचा. निर्णय माझ्याकडे आला.

शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच निकाल सांगणारा तपासनीस मीं साऱ्या नोकरींत पाहिला नाहीं. पहिल्या क्रमांकाची हमी कोणासही देतां येत नाहीं, असें स्वतः गूगलच सांगतें. पैसे भरून जाहिरात मिळते; क्रमांक मिळत नाहीं.

मीं पुतण्यास म्हटलें, "चिकित्सेआधीं निदान. फुकट जें कळतें, तें आधीं पाहूं." गूगलचें सर्च कन्सोल विनामूल्य आहे. त्यांत उघड दिसलें कीं, साइटवर 'नोइंडेक्स' ही सूचना राहिली होती. म्हणजे 'हें पान यादींत घेऊं नये'! काम चालू असतां घातलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. पुतण्यानें तो काढला, आणि कांहीं आठवड्यांनीं बागेचें नांव घालतांच साइट दिसूं लागली.

तरी नुसतें 'मोसंबी' शोधणाऱ्यास ती दूरच राहिली. तेव्हां जाणता तपासनीस हवाच होता. आम्हीं तिघांस तीन प्रश्न विचारले. काय काय तपासाल? गूगल आतां मोबाइलवरील रूपच प्रमाण मानतें. तेथील वेग व मजकूर पाहणार कीं नाहीं? प्रत्येक दोष पुराव्यासह, उपायासह व महत्त्वाच्या क्रमानें लिहून द्याल काय? आणि कन्सोलवर केवळ पाहण्याचा अधिकार दिला, तर तपासणीस पुरेल काय? एकानें शेंकडों विकतचे दुवे जोडून देऊं म्हटलें. गूगलच्या नियमांत तें निषिद्ध असल्यानें त्यास निरोप दिला.

शेवटीं बंधूंनीं ज्यास त्यास विचारलें, "क्रमांक कितवा येईल?" एकच म्हणाला, "तें मला सांगतां येणार नाहीं. दोष मात्र सांगेन." काम त्यासच दिलें. परीक्षकाचा शेरा खरा हवा असेल, तर ज्यास 'ठाऊक नाहीं' म्हणतां येतें, असाच परीक्षक नेमावा.